आधी आउटडोअरची जागा, मग एसी: ठाणे-नवी मुंबईतल्या घरासाठी निवड आणि खर्चाचा हिशेब

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती टनचा दाखवू?" एसी घरी पोहोचल्यावर मिस्त्री मात्र दुसरंच विचारतो, "आउटडोअर कुठे लावायचं?" बहुतेक घरांत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा शोधायला घेतात आणि बिल तिथेच फुगतं. बाहेरचं युनिट कुठे बसणार, यावरून पाइप किती लागेल, भोक कुठे पाडायचं, पाणी कुठे सोडायचं आणि पाच वर्षांनी दुरुस्तीला माणूस तिथवर पोहोचू शकेल का, हे सगळं ठरतं. म्हणून ती जागा आधी नक्की करा आणि मग दुकानात जा.

जागा ठरवताना

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघर, पाम बीच रस्त्याच्या बाजूच्या नव्या टॉवरमध्ये दर्शनी भिंतीवर आउटडोअर लावायला सोसायटी सहसा परवानगी देत नाही. त्यासाठी डक्ट (इमारतीतली उभी मोकळी पोकळी) किंवा कठडा ठरवून दिलेला असतो. सोसायटीच्या ऑफिसातून चार गोष्टी लेखी घ्या: युनिट कुठे लावायचं, ड्रेनचं पाणी कोणत्या पाइपात सोडायचं, भोक कोणत्या भिंतीला चालेल आणि कामाची वेळ काय. बऱ्याच ठिकाणी दुपारी ड्रिल बंद असतं. ते न विचारता फिटर बोलावला तर तो दोन तास बसून राहतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे लावतो.

भोकाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. अनेक नव्या टॉवरच्या भिंती मायवान पद्धतीच्या असतात, म्हणजे विटांऐवजी सळया घातलेलं काँक्रीट. तीच भिंत इमारतीचा भार पेलते. तिथे मनाला येईल तिथे अडीच इंची कोअर (मशीनने पाडलेलं गोल भोक) मारला की सळई कापली जाते. बिल्डरने ठेवलेली स्लीव्ह, म्हणजे भिंतीत आधीच बसवलेली नळी, शोधा. ती रंगाखाली किंवा खिडकीच्या चौकटीच्या वर झाकलेली असते. ती नसेल तर सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. कॉलम आणि बीमला कोणत्याही इमारतीत हात लावायचा नाही. भिंत हलक्या एएसी ब्लॉकची (सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) असेल तर अडचण उलटी येते: भोक पटकन पडतं, पण साधा फास्टनर (भिंतीत रुतणारा बोल्ट) पकड घेत नाही. दीड टनाचं आउटडोअर २५ ते ३५ किलोचं असतं आणि वर त्याची थरथर असते. अशा भिंतीला आरपार बोल्ट आणि आतून पट्टी लावावी लागते, किंवा स्टँड स्लॅबवरच ठेवावा लागतो.

सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि नौपाडा, पाचपाखाडीतल्या चार मजली सोसायट्यांत आउटडोअर बाल्कनीच्या ग्रिलमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. ग्रिल मोकळी असेल तर हरकत नाही. पण बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद केली असेल तर युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. मग दुपारी दोन वाजता खोली थंड होत नाही, बिल वाढतं आणि दोष मात्र कंपनीच्या माथी जातो. पंख्याचं तोंड बाहेरच्या बाजूला हवं. त्यासमोर किमान दोन फूट मोकळं सोडा आणि मागे चार ते सहा इंच. समोर कपडे वाळत घालायची दोरी नको.

खाडीकडेच्या घरांसाठी वेगळी सूचना. वाशी, ऐरोली, कोपरखैरणे, कोपरी, कोळशेत या पट्ट्यात खारी हवा लोखंड खाते आणि खाडीचा, नाल्याचा वायू तांब्याच्या कॉइलला (एसीतल्या गॅस फिरणाऱ्या नळ्यांना) बारीक छिद्रं पाडतो. रंग दिलेला स्वस्त स्टँड दोन-तीन पावसाळ्यांत गंजाने फुगतो. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचा स्टँड घ्या, त्याचे नटबोल्टही तसेच हवेत. पाचशे रुपयांच्या बचतीवर तीस किलो वजन रस्त्याच्या वर टांगायचं नाही.

विंडो, स्प्लिट की मल्टी

खिडकीत एसीची चौकट आधीपासून असेल, घर भाड्याचं असेल किंवा वर्ष-दोन वर्षांत हलायचं असेल, तर विंडो एसीला नाक मुरडू नका. तांब्याचा पाइप नाही, गॅसचा जोड नाही, फिटिंग तासाभरात होतं. १ टनाचा विंडो २५ ते ३२ हजारांत येतो. आवाज मात्र जास्त, आणि खिडकीचा उजेड जातो.

बाकी बहुतेक घरांना इन्व्हर्टर स्प्लिट (आत-बाहेर दोन युनिटचा, गरजेप्रमाणे कंप्रेसरचा वेग बदलणारा) योग्य. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या बाजारात १ टन ३ स्टार साधारण २८ ते ३६ हजार, दीड टन ३ स्टार ३३ ते ४२ हजार आणि दीड टन ५ स्टार ४० ते ५२ हजार असा पट्टा धरा.

एका आउटडोअरवर दोन-तीन इनडोअर चालवणारा मल्टी-स्प्लिट फक्त एकाच परिस्थितीत घ्यावा: सोसायटी एकच जागा देते आणि खोल्या तीन आहेत. त्याचा खर्च लाखाच्या पुढे जातो, पाइप लांब लागतात आणि बाहेरचं एक कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेलं की सगळं घर एकदम गरम. चाकांवरचा पोर्टेबल एसी खिडकीच्या फटीतून बाहेरची दमट हवा आत ओढत राहतो. आपल्या हवेत त्याचा उपयोग फार कमी.

टन किती

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता काढण्याची क्षमता, वॉटमध्ये सुमारे ३,५००. वजनाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडच्या खोल्यांचं ढोबळ गणित असं: १० बाय १० ते १० बाय १२ च्या बेडरूमला १ टन, १५० ते १८० चौरस फुटांच्या हॉलला दीड टन. वर गच्ची असलेला शेवटचा मजला किंवा पश्चिमेकडची मोठी काच असेल तर एक पायरी वर जा. पण त्याआधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग आणि काचेला जाड पडदा यांचा विचार करा, तो खर्च कमी आहे. हॉलला उघडं किचन जोडलेलं असेल तर मापात किचनही धरा. फोडणी देताना एसी चालू ठेवायचा असेल, तर कॉइलवर तेलाचा थर बसणार हेही मान्य करा.

स्टिकरवरचा क्षमतेचा वॉटमधला आकडा वाचा. "दीड टन" म्हणून विकलेल्या दोन मॉडेलमध्ये एक ४,८०० वॉटचं आणि दुसरं ५,२०० वॉटचं असू शकतं.

"मोठा घेऊन टाकू, लवकर थंड होईल" हा सल्ला ठाण्यात हमखास फसतो. इथला त्रास नुसत्या तापमानाचा नाही, दमटपणाचा आहे. एसी दोन कामं करतो: हवा थंड करतो आणि कॉइलवर हवेतलं पाणी धरून बाहेर सोडतो. दुसऱ्या कामाला वेळ लागतो. खोलीपेक्षा एसी मोठा असेल तर तापमान झटकन खाली येतं, कंप्रेसर मंदावतो किंवा थांबतो आणि पाणी हवेतच राहतं. मग २३ वर थंडी वाजते, तरी चादर चिकट लागते. पावसाळ्यात तर बाहेरच २७ असताना योग्य मापाचा एसीही फार काम करत नाही. तेव्हा ड्राय मोड लावा किंवा पंख्याचा वेग कमी ठेवा. जाहिरातीतलं "५ इन १" म्हणजे कंप्रेसरच्या कमाल क्षमतेवर रिमोटने घातलेली मर्यादा. सोय बरी आहे, पण त्यासाठी चार हजार जास्त मोजू नयेत.

३ स्टार की ५ स्टार

स्टार मोजत बसू नका, लेबलवरचे दोन आकडे बघा: आयएसईईआर (एसी वीज किती काटकसरीने वापरतो त्याचा आकडा, जास्त तितका बरा) आणि वर्षाचे युनिट. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये झाले तेव्हा जुने ५ स्टार एका रात्रीत ४ वर आले. म्हणून गोदामात पडून असलेला जुना माल "५ स्टार" म्हणून घेताना लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही पाहा.

लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा ३ स्टारवर ९६० आणि ५ स्टारवर ७६० लिहिलंय, म्हणजे फरक २०० युनिटचा. तुम्ही मार्च ते जून आणि ऑक्टोबर असे पाच महिने रोज ८ तास लावता, म्हणजे १,२०० तास. फरक झाला १५० युनिटचा. आता दर. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. एसीचे युनिट घराच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून ते नेहमी वरच्या, महाग टप्प्यात पडतात. सरासरी दर धरला तर गणित चुकतं. हिशेबापुरते सगळे आकार धरून युनिटला १४ रुपये घेतले, तर वर्षाला २,१०० रुपये वाचतात. किमतीतला ८ ते १० हजारांचा फरक चार-पाच वर्षांत भरून निघतो. रात्रभर झोपायच्या खोलीला ५ स्टार परवडतो तो असा. पाहुणे आले की लावायच्या हॉलमध्ये रोज तीन तासच वापर असेल तर बचत वर्षाला आठशेच्या आत राहते, आणि फरक वसूल व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. तिथे ३ स्टार घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या फिटिंगवर घाला.

कॉइल तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनियमच्या कॉइलला भोक पडलं तर तिला टाका मारून टिकवणं अवघड, बहुतेकदा पूर्ण बदलावी लागते. फिनवर (कॉइलवरच्या पातळ पत्र्यांवर) निळं किंवा सोनेरी कोटिंग असलं तर खाऱ्या हवेत मदत होते, पण ते कोटिंग म्हणजे चिलखत नाही. खाडीकाठच्या घराने कॉइलवर आणि गॅसवर किती वर्षांची वॉरंटी आहे हे विचारावं. "कंप्रेसर १० वर्षे" हे सगळेच मोठ्या अक्षरात छापतात. कंप्रेसर क्वचितच जातो. जातं ते कार्ड आणि गळते ती कॉइल.

वायरिंग

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात साधारण १,६०० वॉट, म्हणजे ७ ते ८ अँपिअर घेतो. त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी: ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, १६ किंवा २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (सुरू होतानाचा झटका सोसणारा, जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरचं सॉकेट आणि खरं अर्थिंग. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असं नसतं, वायरमनकडून मोजून घ्या. जुन्या घरात गीझरच्या लाइनवरून फांदी काढून एसी जोडलेला दिसतो. सकाळी दोन्ही चालू झाले की सॉकेट काळं पडतं. ॲल्युमिनियमची जुनी वायर असेल तर आधी ती बदला. बिलावरचा मंजूर भार बघा. दोन एसी आणि गीझर मिळून तो ओलांडत असेल तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज करा. कळवा, मुंब्रा, शीळकडे वीजवाटप टोरेंट पॉवर बघते, तिथे त्यांच्याकडे.

स्टॅबिलायझर सगळ्यांना लागत नाही. "स्टॅबिलायझर फ्री" म्हणजे लेबलवर दिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेत यंत्र चालतं, इतकंच. तुमच्याकडे संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर २ ते ४ हजार घाला, नाहीतर सोडा.

फिटिंगचं बिल कुठे वाढतं

दोन उदाहरणं पुरेशी आहेत. पहिलं ऐरोलीतलं वन बीएचके, बेडरूम १० बाय ११, आउटडोअर भिंतीच्या लगेच पलीकडे छज्जावर, पॉवर पॉइंट तयार.

१ टन ३ स्टार ३२,०००
फिटिंग १,५००
स्टँड ९००
विटांच्या भिंतीला भोक ५००
ड्रेन पाइप ३००
प्लग २००
एकूण ३५,४००

दुसरं घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरचा चौदावा मजला. हॉल, आउटडोअर डक्टमध्ये, पाइप एकूण ८ मीटर.

दीड टन ५ स्टार ४५,०००
फिटिंग १,५००
सोबत आलेल्या ३ मीटरशिवाय ५ मीटर जादा कॉपर, इन्सुलेशन आणि केबलसह, मीटरला ९०० प्रमाणे ४,५००
कोअर कटिंग ८००
ड्रेन ६ मीटर ६००
गॅल्व्हनाइज्ड स्टँड १,४००
जादा गॅस ५००
१२ मीटरची नवी पॉवर लाइन, एमसीबीसह ४,५००
दोर-बेल्ट घेऊन डक्टमध्ये उतरणारा जादा माणूस १,५००
एकूण ६०,३००

पहिल्या घरात यंत्राशिवायचा खर्च ३,४००, दुसऱ्यात १५,३००. हे दर ढोबळ आहेत. एप्रिल-मेच्या गर्दीत ते चढतात आणि वर फिटर तीन-चार दिवस मिळत नाही. गुढीपाडव्याची ऑफर घ्यायचीच असेल तर फिटिंगची तारीख बिलाबरोबरच लिहून घ्या, नाहीतर फेब्रुवारीतच उरका. "फ्री इन्स्टॉलेशन"मध्ये सहसा फक्त मजुरी धरलेली असते. स्टँड, जादा पाइप, कोअर, ड्रेन हे वेगळे. जादा कॉपरचा दर फुटाला सांगितलाय की मीटरला, हे आधी विचारा. भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.

फिटिंगच्या दिवशी फिटरजवळ उभे राहा

इनडोअर छतापासून सहा इंच खाली आणि जमिनीपासून सात-आठ फुटांवर हवं, हवेचा झोत खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल असं. फॉल्स सीलिंगच्या खोबणीत लपवलेल्या युनिटला वरून हवा मिळत नाही. बॅकप्लेट स्पिरिट लेव्हल लावून बसवायची, ड्रेनच्या बाजूला किंचित उतार ठेवून. भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं असावं.

ड्रेन पाइपला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा आणि मध्ये कुठेही पोट सुटलेलं नको. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. उतार चुकला की पहिल्याच आठवड्यात ते भिंतीवर येतं. पाइपचं टोक बादलीत बुडवू नका आणि गटाराच्या पाइपात घट्ट बसवूही नका. बुडवलं तर पाणी अडतं, घट्ट बसवलं तर गटाराचा वास आणि वायू बेडरूममध्ये येतो. तोच वायू कॉइलही खातो. खालच्यांच्या छज्जावर पाणी सोडलं तर पुढची सोसायटीची मीटिंग तुमच्या नावावर होते.

पाइप दीड टनाला सहसा पाव आणि अर्धा इंची, १ टनाला पाव आणि तीन-अष्टमांश. जाडी ०.८ मिमी मागा. दोन्ही पाइपांना वेगळं इन्सुलेशन हवं, एकत्र गुंडाळलेलं चालत नाही. फ्लेअरवर (जोडासाठी पसरवलेल्या पाइपच्या तोंडावर) बर (कापल्याची खरखरीत कड) राहिला किंवा नट कमी-जास्त आवळला की गळती तिथूनच सुरू होते. टॉर्क पाना वापरणारा फिटर मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, ती म्हणजे व्हॅक्यूम. पाइपातली हवा आणि ओल पंपाने काढायची असते: किमान १५ ते २० मिनिटं, लांब पाइपाला आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. पंप बंद करून दहा मिनिटं काटा हलतो का ते बघायचं. हलला तर गळती आहे. घाईतला फिटर आउटडोअरचा वॉल्व्ह जरासा उघडून गॅसनेच हवा ढकलतो. त्यात थोडा गॅस जातो, हवा-ओल मात्र आत राहते. ती ओल कंप्रेसरचं तेल बिघडवते. शिवाय आताच्या बहुतेक एसीत आर-३२ गॅस असतो आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. पुढे युनिट काढताना आत हवा असेल तर कंप्रेसर फुटण्याचा धोका असतो. "साहेब, याला व्हॅक्यूम लागत नाही" असं ऐकलं तर काम तिथेच थांबवा. पाइप भिंतीत गाडायचा असेल तर त्याआधी नायट्रोजन भरून दाब धरतो का, हेही तपासून घ्या.

पाइप तीन मीटरपेक्षा फार आखूड करू नका, थरथर आणि आवाज आत येतो. मॅन्युअलमधल्या लांबीपेक्षा पाइप जास्त असेल तर मीटरमागे साधारण १५ ते २० ग्रॅम गॅस वाढवावा लागतो. तो वजनकाट्यावर मोजून घालायचा, अंदाजाने नाही.

सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासून एसी १८ वर ठेवा. वीस मिनिटांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक हवा. ड्रेनच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून ते बाहेर पडताना बघा. बाहेरच्या भोकाला पुट्टी मारून घ्या. पाली तिथूनच शिरतात आणि कार्डावर चिकटून ते जाळतात.

नंतर

फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. मेट्रोच्या आणि टॉवरच्या कामांची धूळ असलेल्या भागात आठवड्याने. वेट सर्व्हिस (पाण्याच्या फवाऱ्याने आतली धुलाई) वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर, ५०० ते ७०० रुपयांत होते. सर्व्हिसवाला "गॅस कमी आहे" म्हणाला तर आधी गळती कुठे ते दाखवायला सांगा. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गेला आहे, आणि ते भोक न बुजवता अडीच-तीन हजारांचा गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच बिल येतं.

आणि पाइप भिंतीत गाडले असतील तर प्लास्टर चढण्याआधी शेजारी मेजरिंग टेप धरून फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी पडद्याचा रॉड लावायला येणारा सुतार ड्रिल नेमकं तिथेच लावतो.